हसणारे सगळे ओळखीचेच असतात तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातून एका चोवीस वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. बी.ए. झाल्यानंतर ते एका कृषी केंद्रात काम करतात. दीड वर्षापूर्वी चार मित्रांसह त्यांनी यवतमाळच्या एका कॅफेत स्टँडअप कॉमेडीचा ओपन माइक, म्हणजे कुणीही माइकवर येऊन काही मिनिटे विनोद सादर करावा असा खुला कार्यक्रम, सुरू केला. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता होतो. पत्राचा मजकूर थोडक्यात असा आहे:

"आमच्या कार्यक्रमाला पंधरा-सोळा माणसे असतात आणि त्यांतली नऊ स्वतःच माइकवर येणारी असतात. दर महिन्याला तेच चेहरे असल्यामुळे जुना विनोद पुन्हा करता येत नाही आणि नवा दर महिन्याला सुचत नाही. मी वऱ्हाडीत बोललो की लोक लगेच हसतात, पण ते माझ्या विनोदाला हसतात की माझ्या बोलीला, हे मला कळेनासे झाले आहे. दोन महिन्यांपूर्वी मी आमच्या शेजारच्या मोठेबाबांवर पाच मिनिटे केली. पीककर्जासाठी बँकेत गेले असताना ते साहेबांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले होते, त्याची मी नक्कल केली. कॅफे दणाणून गेला. मित्राने त्याची क्लिप टाकली आणि ती फिरत फिरत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. आता पानठेल्यावर पोट्टे त्यांना तेच वाक्य म्हणून दाखवतात. मोठेबाबांनी पारावर येणे सोडले आहे आणि माझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई विचारते की तू तिथे जाऊन करतोस तरी काय. मी हे सोडून द्यावे, की पुण्या-मुंबईला निघून जावे?"

प्रिय मित्र,

तुमच्या पत्रात मोठेबाबांची गोष्ट मधे कुठेतरी आली आहे आणि प्रश्न मात्र पुण्या-मुंबईचा विचारला आहे. मी क्रम बदलतो, कारण मोठेबाबांचा प्रश्न सुटल्याशिवाय पुण्याला गेलात तरी तो तुमच्यासोबतच येईल.

मी नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या शिपाईदादांची नक्कल केली होती. ते एका पायाने किंचित लंगडत आणि घंटेकडे जाताना त्यांची जी चाल होत असे, ती मला हुबेहूब साधली होती. सारी शाळा हसली, गुरुजी हसले, पाहुणेही हसले. शिपाईदादा त्या वेळी पडद्याची दोरी धरून विंगेत उभे होते आणि मी आत आलो तेव्हा तेही हसत होते. मात्र दुसऱ्या दिवसापासून घंटेकडे जाताना ते वर्गांसमोरच्या व्हरांड्यातून न जाता इमारतीच्या मागून वळसा घालून जाऊ लागले. ते का जातात हे मला कळत होते, तरी मी त्यांच्याकडे गेलो नाही, आणि पुढे जायचे ठरवले तेव्हा ते राहिले नव्हते. त्यानंतर अनेक वर्षे कथाकथन केले, सूत्रसंचालन केले, टाळ्याही मिळाल्या. पण इमारतीमागचा तो वळसा मनातून गेलेला नाही. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगतो की या आठवड्यातच मोठेबाबांच्या घरी जा.

जाताना मित्रांना नेऊ नका आणि फोन खिशातच राहू द्या. पारावर, चार लोकांसमोर माफी मागण्याचा मोह होईल, परंतु ज्या माणसाने पारावर येणेच सोडले आहे त्याला पुन्हा चारचौघांत उभे करण्यासारखे ते होईल. घरी जा, खाली बसा आणि "माझं चुकलं" एवढेच म्हणा. "मी तर गंमत केली होती" हे वाक्य टाळा, कारण ते ऐकणाऱ्याला वाटते की न हसल्याचा दोषही आपल्याच माथी मारला जात आहे. मित्राला क्लिप काढून टाकायला सांगा. ती जिथे जिथे पोहोचली तिथून परत येणार नाही, आणि हे मोठेबाबांपासून लपवू नका. पानठेल्यावरच्या पोट्ट्यांना मात्र तुम्हीच अडवले पाहिजे. ते वाक्य त्यांच्या तोंडी तुम्ही घातले आहे, तेव्हा त्यांना गप्प करण्याचे कामही तुमच्याकडेच येते. मोठेबाबा कदाचित काहीच बोलणार नाहीत, कदाचित चहा देतील. बाबांशी त्यानंतर बोला. बहुधा ते तुमच्या त्या भेटीचीच वाट पाहत असतील.

आता त्या पाच मिनिटांकडे विनोद म्हणून पाहू. नाव बदलून ती पुढे करत राहावी असा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल, पण गावात नाव बदलण्याला काही अर्थ नसतो, कारण बैलजोडीच्या रंगावरूनही माणूस ओळखू येतो. शिवाय नाव ही खरी अडचण नाही. त्या प्रसंगात मोठेबाबा टेबलाच्या अलीकडे उभे होते आणि साहेब पलीकडे बसले होते. तुम्ही विनोद करताना नकळत पलीकडे जाऊन साहेबांच्या शेजारी बसलात. तिथून मोठेबाबांचे इंग्रजी दिसते आणि ऐकणारा हसतो. अलीकडे, मोठेबाबांच्या खांद्यामागे उभे राहिलात तर काय काय दिसेल याचा विचार करा. सातबारा झाला, आठ-अ झाला, दुसऱ्या बँकांचे नो ड्यूज झाले, आणि मग साहेब म्हणतात की तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळालेला गुणांक, पाहावा लागेल. आयुष्यभर ज्याचे नाव फक्त सातबाऱ्यावर होते त्या माणसाला सत्तराव्या वर्षी कळते की कुठेतरी आपल्याला गुण दिले जात होते, आणि परीक्षा केव्हा झाली हेच त्याला माहीत नाही. अशा वेळी त्याने घाबरून, मानाने उभे राहण्यासाठी, येत होते तेवढे इंग्रजी वापरले. हा प्रसंग विनोदी आहे आणि त्यात मोठेबाबा लहान होत नाहीत. तो सादर करायचा असेल तर त्यांना विचारून करा आणि ते नाही म्हणाले तर सोडून द्या. असे प्रसंग तुमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर रोज घडतात, विषयाची वाण तुम्हाला पडणार नाही.

शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात विनोद करणे सोपे नाही, हे मी जाणतो. आपल्या जिल्ह्याची ओळख बाहेरच्यांना आत्महत्यांच्या बातम्यांमधून झाली आहे, आणि २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. तुम्ही ज्या दुकानात उभे राहता तिथे ही आठवण असलेली माणसे रोज येतात. त्या मृत्यूंवर विनोद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बाटलीवरच्या सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत का छापतात, २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला तरी खरेदी केंद्रावरचे आर्द्रतामापक बारा टक्क्यांच्या वर गेले की शेतकऱ्याच्या चेहऱ्याचे काय होते, आणि त्या यंत्राकडे पाहताना गाडीवान श्वास का रोखून धरतो, यावर विनोद होऊ शकतो आणि तो व्हायला हवा. कापूस घेऊन रात्रभर रांगेत उभा राहिलेला माणूस त्यावर इतरांच्या आधी हसेल.

ओळखीच्या माणसांसमोर, त्यांच्याच विषयावर हसवणे ही तुमच्यावर आलेली नवी आपत्ती नाही. आपल्या भागातील विनोदाची रीतच ती आहे. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात तेव्हा झडत्या, म्हणजे चढ्या आवाजातली चुरचुरीत पद्ये, म्हणतात, आणि त्यांत सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांना चिमटे असतात. चिमटा काढलेला माणूसही पुढच्या "हर हर महादेव"ला सगळ्यांसोबत ओरडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत बडगे निघतात आणि वर्षभरात लोकांना ज्या ज्या गोष्टीने छळले त्या सगळ्यांचे पुतळे त्यांत असतात. गाडगेबाबा, जे १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले, कीर्तनात समोरच्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत, त्यामुळे कर्ज काढून जेवणावळी घालणारा श्रोता स्वतःच्याच उत्तरावर हसत असे. शहरातले कलाकार ज्याला आज क्राउडवर्क, म्हणजे प्रेक्षकांशी बोलत बोलत विनोद करणे, म्हणतात त्याचा इतका सखोल नमुना मला दुसरा माहीत नाही. अकोला जिल्ह्यातले कीर्तनकार सत्यपाल महाराज सात खंजिऱ्यांवर तेच काम करत आले आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: चिमटा वरच्याला बसतो किंवा सगळ्यांना सारखाच बसतो, कोपऱ्यात एकट्या बसलेल्याला तो बसत नाही.

आता दर महिन्याला तेच पंधरा चेहरे असण्याची अडचण. ही खरी आहे आणि तिच्यावर उपाय नवे विनोद लिहीत सुटणे हा नाही. वडसा, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके पाहा. भाऊबीजेनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत चालतो, आणि त्या काळात विनोदी नट रात्रीमागून रात्री वेगवेगळ्या गावांत उभा राहतो. २०२३ साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीवर घडले. तिथे विनोद तोच असतो आणि गाव रोज नवे असते, म्हणून प्रत्येक रात्री तो थोडा घासला जातो. तुमच्याकडे गाव तेच आहे आणि विनोद दर महिन्याला नवा, म्हणून एकही विनोद दुसऱ्या प्रयोगापर्यंत पोहोचत नाही. पहिल्यांदा केलेला विनोद हा कच्चा असतो. दहा-बारा वेगवेगळ्या बैठकींत म्हटल्याशिवाय त्यात कोणता शब्द फाजील आहे हे कुणालाही कळत नाही.

तेव्हा गाव बदलत ठेवा. यवतमाळहून वर्धा सुमारे ७० किलोमीटर आहे, अमरावती ९० आणि नागपूर १५०. नागपुरात असे ओपन माइक होत असतात. जिथे होत नसतील तिथल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला किंवा नाट्यमंडळाला विचारा. तुमचे तिघे तिकडे जावेत, तिकडचे तिघे तुमच्याकडे यावेत, आणि जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करावा. वर्षातून चार-पाच वेळा एवढे जमले तरी तुमचे पाच मिनिटांचे काम पक्के होईल. कॅफेतल्या नऊ सहकलाकारांच्या हसण्यावर मात्र फार विसंबू नका. ते कारागिरीला हसतात, मैत्रीखातर हसतात, आणि कधी कधी पुढची पाळी आपली आहे या धास्तीनेही हसतात. उरलेल्या सहा माणसांकडे कान द्या. फोनवर ध्वनिमुद्रण करताना तो स्वतःजवळ न ठेवता त्या सहांच्या टेबलावर ठेवा आणि घरी जाऊन ऐका.

ऐकताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण ती मराठीत बोलणाऱ्यालाच भेडसावते. आपले लिहिलेले वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे हसवणारा शब्द आधी येऊन जातो आणि मागून "होता", "होते" असे शेपूट येते. लोक हसू लागतात तेव्हा तुम्ही अजून बोलतच असता आणि हसू दबते. "माझ्या मामाने ट्रॅक्टरचा हप्ता ट्रॅक्टर विकून भरला होता" हे वाक्य कागदावर बरोबर आहे, पण माइकवर मरते. आपली माणसे पारावर असे बोलत नाहीत. ती म्हणतात, "मामानं हप्ता भरला ना बाप्पा ट्रॅक्टरचा... ट्रॅक्टर इकून." हसवणारा शब्द शेवटी टाकण्याची ही सोय बोलीने आपल्याला आधीच दिलेली आहे. तुमची वही काढा, प्रत्येक विनोदाचा शेवटचा शब्द अधोरेखित करा आणि तो "आहे" किंवा "होता" निघाला तर वाक्य मोडून पुन्हा बांधा.

यातच तुमच्या वऱ्हाडीविषयीच्या शंकेचे अर्धे उत्तर आहे. वऱ्हाडी अवश्य वापरा, परंतु "मले-तुले" ऐकताच येणारे हसू तुमच्या हिशेबात धरू नका. नाटक-सिनेमांत आणि मालिकांत आपली बोली पुष्कळदा स्वयंपाक्याच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी घातली गेली, आणि ऐकणाऱ्यांना तिच्यावर हसायची सवय लागली. ते हसू तुम्ही कमावलेले नाही. एक कसोटी सांगतो. विनोद साध्या प्रमाण मराठीत लिहून पुण्याच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवा. त्याला त्यातली गोम कळली तर विनोद उभा आहे, आणि मग वऱ्हाडीने त्याची चव वाढेल. काहीच कळले नाही आणि केवळ बोली हरवल्यामुळे तो पडला असेल, तर तिथे विनोद नव्हताच. मिर्झा रफी अहमद बेग यांची वऱ्हाडी विनोदी कविता गावोगाव ऐकली गेली ती बोलीच्या गमतीमुळे नव्हे. शेती, घर, राजकारण यांविषयी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही होते आणि ते त्याच बोलीत जन्माला आले होते. आणखी एक: तुमच्या तालुक्यात बंजारा तांडे आहेत, कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, आहेत. त्यांच्या बोलण्याची नक्कल तुम्ही करू नका. तांड्यावरचा एखादा मुलगा तुमच्या माइकवर आला आणि त्याने स्वतःची गोष्ट सांगितली, तर ती आपण सगळ्यांनी ऐकू.

कॅफेबाहेर गावातही जागा आहेत आणि त्या तुम्ही मोजलेल्या दिसत नाहीत. दुर्गा उत्सव, गणपती, कोजागिरी आणि डिसेंबर-जानेवारीतली स्नेहसंमेलने यांत मुख्य पाहुणे यायला उशीर होतो, आणि त्या रिकाम्या वेळात माइक हाती घेऊन लोकांना बसवून ठेवणारा माणूस मंडळांना नेहमीच हवा असतो. मी सूत्रसंचालन असेच शिकलो. तिथे लहान मुले पुढे, बाया एका बाजूला, म्हातारी माणसे खुर्च्यांवर आणि तरुण मागे मोटारसायकलींवर अशी बैठक असते, आणि या चारही ठिकाणी एकाच वेळी पोहोचणारा विनोद लिहिणे हे कॅफेपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. माइकवाल्याला आधी भेटून इको बंद करायला सांगा. आपल्याकडे भजन-कीर्तनासाठी तो लावूनच ठेवलेला असतो, भजनाला तो शोभतो, पण विनोदाचा शेवटचा शब्द त्यात विरघळून जातो. कॅफेतही माणसे विखरून बसू देऊ नका. पंधरा जण खांद्याला खांदा लावून बसले तर हसू एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तेच पंधरा जण पंधरा टेबलांवर बसले तर प्रत्येक जण आधी आजूबाजूला पाहतो.

तुमच्या पत्रात एकाही मुलीचा उल्लेख नाही. कार्यक्रम संध्याकाळी सातला ठेवल्यावर खेड्यातल्या मुलीने परतीची एसटी कोणती पकडावी? वेळ दुपारी चारची करा. सादर करणाऱ्याही मिळतील आणि ऐकणाऱ्याही, आणि तेच पंधरा चेहरे असल्याची तक्रार काही अंशी त्यानेच कमी होईल.

पुण्या-मुंबईविषयी थोडक्यात सांगतो. आज जाऊ नका. अनोळखी माणसांसमोर, किमान तीन वेगळ्या शहरांत, वीस मिनिटे तुम्ही उभे राहू शकलात आणि ती वीस मिनिटे तिन्ही ठिकाणी चालली, की तेव्हा जायचे का ते पाहा. घरच्यांच्या अबोल्यापासून दूर जायचे म्हणून तर मुळीच जाऊ नका. कृषी केंद्रातले काम सोडू नका. ओपन माइकवर सहसा पैसे मिळत नाहीत, आणि जिथे उलट तुमच्याकडूनच पैसे मागतील तिथे दोनदा विचार करा. जून ते ऑगस्ट दुकानात मान वर करायला सवड नसते, तेव्हा फक्त कान उघडे ठेवा आणि रात्री दोन ओळी टिपा. त्या टिपणांवरचे लिखाण उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारी होईल.

आणि आईचा प्रश्न. "तू तिथे जाऊन करतोस तरी काय" असे ती विचारते, याचा अर्थ तिने अजून तुम्हाला एकदाही ऐकलेले नाही, मोठेबाबांच्या क्लिपशिवाय. भाकरी थापत असेल तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा आणि तिला नवी पाच मिनिटे ऐकवा, बँकेच्या टेबलाच्या अलीकडून लिहिलेली. ती हसली नाही तरी थांबू नका. ज्या ठिकाणी ती "म्हणजे काय रे?" असे विचारेल तिथे वहीत खूण करा आणि पहिल्या रविवारच्या आत ती जागा पुन्हा लिहा.

तुमचा,
सदरलेखक